निम्म्याच्या वर

एका शब्दापायी गिऱ्हाईक हाकलून देणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय, आणि तोही रोज, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, माझ्याच दुकानाच्या दारात. हाकललेल्या गिऱ्हाइकांतली निम्मी माझी असायची. त्यामुळं हे सगळं मी जरा चिडूनच लिहिणार आहे, ते आधीच सांगून ठेवतो.

बसाप्पा हुक्केरी हे त्यांचं नाव. मूळचे निपाणीकडचे, घरात कानडी आणि बाहेर मराठी. सरकारी कचेरीच्या आवारात सगळे त्यांना तोंडावर आण्णा म्हणत आणि पाठ वळली की प्रॉबेबली म्हणत. धंदा इंग्रजी टायपिंगचा. अर्ज, करारपत्रं टाईप करून द्यायची, आणि ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांना आलेली पत्रं वाचून अर्थ सांगायचा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी कचेरीसमोर झेरॉक्सचं दुकान टाकलं, तेव्हा दुकानाच्या पायरीलगत टेबल मांडून ते आधीच बसलेले होते. मला वाटलं, बरं झालं, टाईप झालेला कागद तीन पावलांवर झेरॉक्सला येईल. हा माझा भाबडेपणा.

पहिल्याच आठवड्यात इचलकरंजीहून एक पोरगा आला. सूतगिरणीत सुपरवायझरच्या जागेसाठी त्याला अर्ज करायचा होता. तो मजकूर सांगत होता, आण्णांची बोटं टकटकत होती. शेवटाला तो म्हणाला, "आन असं टाका आण्णा, सिलेक्शन झालं तर आय वुइल प्रॉबेबली जॉईन इमिजिएटली."

टकटक थांबली.

"जॉईन हुणार का न्हाईस?"

"हुणार की!"

"मग प्रॉबेबली कशाला?"

"वाचाय बरं वाटतंय."

"बरं वाटतंय? कागदाला अत्तर लावाय आलायस व्हय?" आण्णांनी रोलर कर्रकन फिरवला, चार कार्बनसकट कागद ओढून काढला आणि त्याचे उभे दोन तुकडे केले. "जा. आधी ठरीव जॉईन हुणार का न्हाई, मग ये."

पोरगा गेला तो दुसऱ्या टायपिस्टकडं गेला, आणि झेरॉक्सही तिकडंच काढली. मी आण्णांना म्हटलं, "आण्णा, एका शब्दासाठी?" तर ते माझ्याकडं असे बघायला लागले की जणू मीच तो शब्द घरी चुलीवर शिजवून आणला होता.

त्यांच्या टेबलाच्या बाजूला खिळ्याला एक पुठ्ठा टांगलेला असे. त्यावर तीन इंग्रजी शब्द लाल रंगानं रंगवलेले होते, टाईपरायटरच्या वळणाची छोट्या लिपीतली अक्षरं, पण चांगली बोटभर उंच. खाली पॉसिबली, त्याच्या वर प्रॉबेबली, सगळ्यात वर सर्टनली. देवाच्या तसबिरीसारखा रोज सकाळी ते तो पुठ्ठा फडक्यानं पुसत. कुणी पत्र घेऊन आलं आणि त्यात यातला एखादा शब्द निघाला की त्या माणसाची शिकवणी सुरू.

"हे बघा पावणं. पॉसिबली म्हंजे गगनबावड्याची यष्टी आज सुटू शकती. डेपो हाय, गाडी हाय, बास. प्रॉबेबली म्हंजे डायवर च्या पिऊन मिशा पुसताना दिसला. निम्म्याच्या वर. एक्कावन्न बी चालतंय, पन पन्नासाला न्हाई चालत. आन सर्टनली म्हंजे तुमी गगनबावड्यात उतरून भिजत हुबं हाईसा. कळलं?"

"व्हय की."

"मग सांगा, ह्या सायबानं काय लिवलंय? काम हुईल का?"

"हुईल!"

"निम्म्याच्या वर!" आण्णा टेबलावर मूठ आपटत. टाईपरायटरची घंटी त्या धक्क्यानं आपोआप वाजे. गरीब बिचारा शेतकरी राधानगरीवरनं सकाळची गाडी धरून आलेला असायचा, त्याला दुधाच्या संस्थेनं पत्रात काय कळवलंय एवढंच पाहिजे असायचं, आणि तो परत जायचा तो निम्म्याच्या वर काय आणि खाली काय, हे घोकत.

मराठी वर्तमानपत्रांवर तर त्यांचा खास राग. "शक्यता नाकारता येत नाही" हे वाक्य दिसलं की ते पेपर माझ्या काउंटरवर आदळत. "का न्हाई येत? कुनी हात धरलाय ह्येंचा? नाकारायची तर नाकारा, न्हाईतर कबूल करा!" आणि आपला "बहुतेक" हा शब्द त्यांना अगदीच बेभरवशाचा वाटे. "बहुतेक लोक आले म्हंजे लई लोक आले. आन बहुतेक येतील म्हंजे एक बी यायचा न्हाई. ह्यो काय शब्द हाय का काय हाय?"

मी एकदा म्हटलं, "आण्णा, आपल्या गावात हे असलं काही लागतच नाही. यायचं असेल तर 'येतो की', नसेल तर 'बघू की'. सगळ्यांना कळतं."

"तुला कळतंय. भायेरच्या पावण्याला कसं कळावं? त्यो बिचारा तुला जेवाय बोलवतोय आन 'बघू की' ऐकून रस्सा उकळत ठेवतोय." यावर मला आणखी राग आला.

आणि मूळ मुद्दा असा की हा माणूस बरोबर असायचा. चुकीच्या माणसावर चिडायला काही वाटत नाही हो. बरोबर असणाऱ्या माणसावर रोज चिडायचं म्हणजे आपलंच रक्त आटतं.

गॅसचं उदाहरण घ्या. गॅसवाला आण्णांना दर खेपेला सांगायचा, "प्रॉबेबली सोमवारी येईल." असे सहा सोमवार गेले. सातव्या सोमवारी आण्णा त्याच्या गोडाऊनवर गेले आणि मलाही ओढून घेऊन गेले, दुकान बंद करून. गॅसवाल्यानं हात वर केले. "आण्णा, मी नक्की कुठं म्हटलंतं? प्रॉबेबली म्हटलंतं."

"बरोबर हाय," आण्णा म्हणाले. "म्हंजे निम्म्याच्या वर. सहा सोमवार तुमी प्रॉबेबली म्हटलासा. निम्म्याच्या वर म्हंजे सहातल्या चार सोमवारी तरी टाकी याय पायजे हुती. माझ्या चार टाक्या काढा."

रांगेतली माणसं हसायला लागली. गॅसवाला आधी हसला, मग चिडला, मग घाबरला, कारण आण्णा खरंच चार टाक्या मागत होते आणि रांग आण्णांच्या बाजूला गेली होती. शेवटी एक टाकी सायकलवर बांधून देऊन त्यानं सुटका करून घेतली. परत येताना मी सायकल धरून ढकलत होतो आणि आण्णा तीन टाक्या बाकी राहिल्या म्हणून कुरकुरत होते.

पुढं कॉम्प्युटर क्लास निघाले आणि त्यांचं दुःख वाढलं. क्लासमधनं सुटलेली पोरं माझ्याकडं नोट्सच्या झेरॉक्स काढायला यायची आणि एकमेकांत बोलायची, "प्रॉब्ली उद्या प्रॅक्टिकल हाय." आण्णा टेबलावरनं ओरडायचे, "मधला बे कुठं गेला?" पोरं दचकायची. "प्रॉ-बे-ब्ली! आख्खा बे गिळलासा! बे एके बे तरी येतंय का न्हाई?" मग काय, पोरं मुद्दाम येऊन 'प्रॉब्ली' म्हणायला लागली. एकदा तर पाचजण पायरीवर ओळीनं उभे राहून सुरात म्हणाले. आण्णांनी स्टूल उचललं, पोरं पळाली, आणि झेरॉक्स माझ्या मशीनमध्येच राहिल्या.

एवढं सगळं मी सहन केलं. पण एक गोष्ट मी त्यांना फार दिवस माफ केली नाही. ती सांगतो.

माझ्या धाकट्या बहिणीला, सुनीताला, पुण्याच्या एका इंजिनीयरचं स्थळ आलं होतं. मुलाच्या वडिलांनी पत्र इंग्रजीत धाडलं, मोठेपणा म्हणून. मुलगी पसंत आहे, पुढं लिहिलं होतं, वी शॅल प्रॉबेबली प्रोसीड आफ्टर दिवाळी. मी दुकानात बसून ते तीनदा वाचलं आणि मला आनंद झाला. आण्णांनी न विचारता हात पुढं केला. "आणा बघू." वाचलं, चष्मा वर केला आणि चारचौघांत म्हणाले, "ह्यो काय होकार न्हवं."

आईला हे कुठनंतरी कळलं. दुसऱ्या दिवशी ती स्वतः दुकानात आली. कधी पायरी न चढणारी बाई. आण्णांपुढं उभी राहिली आणि म्हणाली, "आण्णा, तेवढं एक सांगा. ठरलं न्हवं?"

आता कुठल्याही माणसाला कळेल की इथं काय उत्तर द्यायचं असतं. वडील गेल्यापासून त्या बाईनं एकटीनं संसार ओढलेला, पोरीच्या लग्नाचा घोर लागलेला, डोळ्यांत आशा. आण्णांना हे सगळं दिसत होतं. तरी ते म्हणाले, "वैनी, निम्म्याच्या वर हाय. पन निम्म्याच्या आत बी कायतरी उरतंय. आत्ताच पेढं वाटू नगासा."

आई पायरी उतरून गेली. घरी जाऊन रडली. मी त्या दिवशी आण्णांवर एवढा ओरडलो की कचेरीतला शिपाई बाहेर येऊन बघायला लागला. "काय बिघडलं असतं हो नक्की म्हटलं असतं तर? एक दिवाळी तरी सुखात गेली असती!"

"खोट्या नक्कीवर?" आण्णा म्हणाले. "त्यापरास खरं प्रॉबेबली बरं."

दिवाळीनंतर नकार आला. आण्णा बरोबर निघाले याचा मला जो संताप आला तो सांगता येत नाही. जणू त्यांनीच तो शब्द उच्चारून आमचं ठरलेलं मोडलं. पुढं सुनीताचं गडहिंग्लजला चांगलं झालं, ती सुखात आहे. पण तेव्हा दोन महिने मी आण्णांशी बोललो नाही. तीन पावलांवर बसलेल्या माणसाशी न बोलणं किती कष्टाचं असतं ते करून बघा. चहा मागवायचा तरी पोऱ्याला दोन खेपा सांगावं लागे, त्यांचा वेगळा आणि माझा वेगळा.

तो अबोला मोडला अक्कांनी. अक्का म्हणजे आण्णांची बायको, पारव्वा. रोज दुपारी एकच्या ठोक्याला त्या डबा घेऊन येत. भाकरी, झुणका नाहीतर डाळ, वर शेंगदाण्याची चटणी. आण्णा जेवेपर्यंत माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसून राहत. चौथीपर्यंत कानडी शाळा, इंग्रजीचा गंध नाही. मूलबाळ नाही. बोलणंही बेताचंच, कारण घरातलं सगळं बोलणं आण्णांनीच संपवलेलं असे. त्या अबोल्यात एके दिवशी त्यांनी डब्यातली अर्धी भाकरी माझ्या काउंटरवर ठेवली आणि म्हणाल्या, "खावा. भांडाण त्येंच्यासंगट हाय, भाकरी माजी हाय." मी खाल्ली. आण्णा टेबलावरनं बघत होते. संध्याकाळी त्यांनी दोन चहा सांगितले.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. अक्कांच्या गळ्याशी गाठ आली. आधी त्यांनी सांगितलंच नाही, पदर वर ओढून घेत राहिल्या. मग आण्णांना दिसली. मोठ्या दवाखान्यात नेऊन सुई घालून तपासायला दिलं, आणि आठ दिवसांनी सकाळी आण्णा रिपोर्ट घेऊन माझ्याकडं आले. "दोन कॉप्या काड."

मी कागद काचेवर ठेवला. झाकण लावायच्या आधी नजर गेलीच. खाली, डॉक्टरच्या सहीच्या वर, लिहिलं होतं, प्रॉबेबली बिनाईन. म्हणजे गाठ बहुतेक साधी, धोक्याची नाही. तीन महिन्यांनी पुन्हा तपासावी.

कॉप्या बाहेर आल्या. आण्णा घेईनात. काउंटर धरून उभे राहिले आणि मला म्हणाले, "बाळासाब, ह्येचा अर्थ काय?"

मला वाटलं, थट्टा करतायत. तोंडाकडं बघितलं तर थट्टा नव्हती. ज्या शब्दासाठी या माणसानं अर्ध्या जिल्ह्याची शिकवणी घेतली, त्याचा अर्थ तो मला विचारत होता. आणि मला, खरं सांगतो, क्षणभर आई आठवली. ओठावर आलं, निम्म्याच्या वर आहे आण्णा, निम्म्याच्या आतही काहीतरी उरतंय. ते मी गिळलं. म्हटलं, "चला, डॉक्टरलाच विचारू."

डॉक्टर तरुण होता, सभ्य होता. त्यानं आण्णांना खुर्ची दिली आणि समजावायला लागला, "आजोबा, प्रॉबेबली म्हणजे असं बघा..."

"मला प्रॉबेबली शिकवू नगा!" आण्णा उठून ओरडले. बाहेर बसलेले पेशंट आत डोकावले. "एवडं शिकलासा, एवडी यंत्रं आणलासा, सुई घातलासा, आन शेवटाला प्रॉबेबली? काय हाय ते सांगा! सर्टनली का न्हाई लिवलं?"

डॉक्टर शांतपणे म्हणाला, "कारण आज ते खोटं झालं असतं."

आण्णा बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना त्यांच्यासारखाच माणूस भेटला होता, आणि तो नको तिथं भेटला होता. त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "शंभरात किती?"

"आकड्यात नाही सांगता येत आजोबा. पण निम्म्याच्या बरंच वर." हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, आपलं सहज म्हणाला. आण्णा उठले, नमस्कार केला आणि बाहेर आले.

दुकानाशी आल्यावर त्यांनी पहिलं काय केलं असेल, तर खिळ्यावरचा पुठ्ठा काढला आणि माझ्या कागदांच्या रिमांमागं सरकवला. मी विचारलं तर म्हणाले, "वाळवी लागली." पुठ्ठ्याला वाळवी!

एक वाजता अक्का आल्या. डबा ठेवला, पदरानं हात पुसले. "आला व्हय कागुद? काय लिवलंय?"

आण्णांनी रिपोर्ट काढला, उलगडला, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. मी काउंटरमागनं बघत होतो. आण्णा म्हणाले, "साधी गाठ हाय. नक्की."

"नक्की?"

"नक्की की! डागदरनं लिवूनच दिलंय हितं. तीन म्हैन्यानं नुस्तं एकदा दावायचं, त्येंची पद्धत असती तशी. काड डबा."

मी तुम्हाला सांगतो, माझं डोकं भणाणलं. हा माणूस! माझ्या आईनं हात जोडून विचारलं तेव्हा याच्या तोंडून तो एक शब्द निघाला नव्हता. एक दिवाळी मागितली होती तिनं. आणि आता स्वतःच्या बायकोला तीन महिने उचलून दिले, तेही रिपोर्टावर बोट ठेवून. संध्याकाळी आवराआवर करताना मी त्यांच्या टेबलाशी गेलो, हे सगळं तोंडावर फेकायला. आण्णा टाईपरायटरवर झाकण घालत होते. ते त्यांना बसवता येत नव्हतं. झाकण पुन्हा पुन्हा एका बाजूनं सुटत होतं. मी झाकण बसवून दिलं आणि घरी गेलो. राग तसाच होता, पण तो कुणावर काढायचा ते कळेना.

दुसऱ्या दिवशी आण्णा स्टॅम्पपेपर आणायला गेलेले असताना अक्का लवकर आल्या. स्टुलावर बसल्या नाहीत, काउंटरशी उभ्या राहिल्या.

"बाळासाब, तुमी कॉप्या काडल्यासा. तुमाला ठावं हाय कागदात काय हाय."

मी कागद नीट करत राहिलो.

"मला बी ठावं हाय. पुठ्ठा काडलेला बघितला तवाच म्हटलं, कायतर हाय. मग त्येनी बोट ठेवलं त्या शब्दावर. शब्द मोठा, बोट बारीक. काठीच्या बुडाला पोट आलेली दोन अक्षरं असत्यात त्या प्रॉबेबलीत, एक बोटाच्या हिकडं दिसालतं, एक तिकडं. पुठ्ठ्यावर खालच्या शब्दात तसलं पोट एकच असतंय, वरच्यात एक बी न्हाई. पस्तीस वरीस ऐकालोय, मला येत न्हाई व्हय तेवडं?"

मी म्हटलं, "अक्का, मग त्यांना सांगा की. कशाला दोघं..."

"काय बी सांगू नगासा!" अक्का पहिल्यांदाच आवाज चढवून बोलल्या. मग पदर सावरला. "बघा, लगीन ठरलं तवा माज्या आप्पानं त्येस्नी इचारलं, पोरीला सुखात ठेवणार न्हवं? तर हे भर बैठकीत म्हणालं, शक्यतो ठेवीन. आमचं आप्पा घाबरलं. तवापास्नं आजपातूर मला ह्येनी कशाला म्हणून नक्की म्हटलं न्हाई. जेवाय येणार का, तर प्रॉबेबली. जत्रंला नेणार का, तर निम्म्याच्या वर. काल पैल्यांदा नक्की म्हटलं. ऱ्हाऊ द्या माज्यापाशी."

आण्णा कोपऱ्यावरनं येताना दिसले. अक्का स्टुलावर जाऊन बसल्या आणि डबा उघडायला लागल्या.

ते तीन महिने मला आजही आठवतात ते आण्णांच्या गप्प बसण्यानं. गिऱ्हाईक काय म्हणेल ते टाईप करत होते. प्रॉबेबली म्हणा, बहुतेक म्हणा, टकटक चालूच. क्लासची पोरं येऊन 'प्रॉब्ली, प्रॉब्ली' करून गेली, आण्णांनी मान वर केली नाही. पोरांना मजा येईना, त्यांनी येणं सोडलं. माझ्या दुकानाला इतकं शांतपण कधी मिळालं नव्हतं, आणि ते मला सोसवेना. एक दिवस तर मीच मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "आज प्रॉब्ली लाईट जाणार." आण्णा म्हणाले, "जाऊ दे."

दुपारी एक वाजता मात्र दोघांचं सगळं छान चाले. आण्णा मोठ्यानं बोलत, भाकरीला नावं ठेवत. अक्का हसत. गळ्याकडं दोघंही बघत नसत. मी मध्ये काउंटरमागं बसून, दोघांचंही माहीत असलेला, आणि एकालाही सांगता येत नाही म्हणून आतल्या आत जळत असे. असल्या जागी बसायची पाळी वैऱ्यावरही येऊ नये.

तीन महिन्यांनी पुन्हा सुई झाली. रिपोर्ट आणायला आण्णा एकटेच गेले. साडेबाराला परत आले, टेबलाशी न थांबता सरळ काउंटरच्या आत शिरले आणि झेरॉक्स मशीनच्या मागं, भिंतीशी, जिथं मी टोनरचे रिकामे डबे ठेवतो तिथं जाऊन उभे राहिले. कागद माझ्या हातात दिला. मी वाचला. बिनाईन. नुसतं बिनाईन, आधी काही नाही, मागं काही नाही, पुन्हा तपासायची गरज नाही.

"आण्णा!" मी म्हटलं.

आण्णांनी माझा खांदा धरला आणि रडायला लागले. आवाज बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून मी मशीन सुरू केलं आणि कोऱ्या कागदांच्या कोऱ्या झेरॉक्स काढत राहिलो. पाच-दहा कागद तरी गेले असतील. मग त्यांनी डोळे पुसले, नाक शिंकरलं, आणि एकदम त्यांच्या लक्षात आलं. "आता हिला सांगू काय? मी तर तवाच नक्की म्हणून बसलोय!"

आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हातात खरंखुरं नक्की आलं होतं आणि ते सांगायची सोय राहिली नव्हती.

एक वाजला. अक्का आल्या. डबा ठेवला. "काय म्हणतोय डागदर?"

आण्णा टेबलाशी बसून रिबन बदलत असल्यासारखं करत होते. मान वर न करता म्हणाले, "काय म्हणणार? तेच. आदीचंच. उगंच खेटं घातलं."

"मी म्हटलंच हुतं, कशाला जातासा," अक्का म्हणाल्या. डबा उघडून त्यांच्यापुढं ठेवला आणि नेहमीसारख्या माझ्या स्टुलावर येऊन बसल्या. आण्णांची पाठ आमच्याकडं होती. रिपोर्ट काउंटरवरच पडलेला होता. अक्कांनी तो हळूच मांडीवर ओढून घेतला आणि वरच्या ओळीपासून बोट फिरवायला सुरुवात केली. एकेक शब्द, सावकाश, तांदूळ निवडावेत तसं. एक पोट दिसलं की बोट थांबे, पुढं दुसरं आहे का बघे, आणि नसलं की पुढं सरके. कुठं कुठं ओठ हलत होते. शेवटच्या ओळीवर 'बिनाईन'पाशी बोट बराच वेळ थांबलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. अक्कांनी डोळे मिटून घेतले, आणि गळ्याशी घट्ट धरलेला पदर त्यांच्या हातातनं सुटून खाली आला.

आण्णांनी घास तोंडात असतानाच मागं वळून बघितलं. "अगं ए, काय बघालीयास त्यात? विंग्रजी याय लागलं व्हय तुला?"

"न्हाई वो," अक्का म्हणाल्या. "शिक्का कसा उठलाय ते बघालतो."